श्वसनसंस्थेची मराठी परिभाषा : शरीररचना, संज्ञा आणि अर्थनिश्चिती यांची चिकित्सा

प्रास्ताविक

शास्त्रीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा दोन टोकांवर होत आली आहे. संस्कृतनिष्ठ संज्ञा बोजड असतात, ही तक्रार एका टोकाला. तर इंग्रजी संज्ञा स्वीकारल्यास भाषा भ्रष्ट होईल, ही भीती दुसऱ्या टोकाला. या दोन्ही भूमिकांत शब्दाच्या कुळाचा विचार होतो. शब्दाच्या कामाचा विचार मात्र क्वचितच होतो. संज्ञा वस्तूकडे नेमके बोट दाखविते की नाही, एकाच संज्ञेने दोन वस्तू सुचविल्या जातात काय, आणि ज्याच्या शरीराविषयी ती बोलते त्या माणसाला ती उपयोगी पडते काय, हे तीन प्रश्न परिभाषेच्या मूल्यमापनात केंद्रस्थानी असावयास हवेत. प्रस्तुत लेखात मानवी श्वसनसंस्थेशी संबंधित मराठी संज्ञांचा या तीन निकषांवर विचार केला आहे.

श्वसनसंस्थेची निवड करण्यामागे कारण आहे. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव सर्वसामान्य माणसाच्या अनुभवाला थेट येत नाहीत; श्वास मात्र प्रत्येकाला जाणवतो. त्यामुळे या क्षेत्रात लोकभाषेने स्वतःची समृद्ध शब्दसंपत्ती निर्माण केली आहे. तीवर संस्कृत वैद्यकाची, शालेय पाठ्यपुस्तकांची, कोशकारांची आणि इंग्रजी वैद्यकशिक्षणाची अशी आणखी चार पुटे चढली आहेत. या पुटांचे परस्परांशी जुळते कोठे आणि विसंवाद कोठे होतो, हे पाहणे उद्बोधक आहे.

परिभाषेची पूर्वपीठिका

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथील मुख्य शिक्षण इंग्रजीतून होते. तथापि पुढे काही काळ मराठी व गुजराती माध्यमाचे वर्गही चालले. म्हणजे आधुनिक शरीरशास्त्र मराठीत सांगण्याची गरज राज्यनिर्मितीच्या कितीतरी आधी निर्माण झाली होती. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि निरनिराळ्या शास्त्रांच्या परिभाषा कोशांचे काम हाती घेण्यात आले. केंद्र शासनाने १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वैद्यकविषयक नोंदींच्या निमित्ताने शेकडो संज्ञा प्रत्यक्ष गद्यात वापरून पाहिल्या गेल्या. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. पुढील चिकित्सा त्या कार्याचे ऋण मानूनच केलेली आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाठ्यपुस्तके, कोश, आयुर्वेद महाविद्यालये आणि रुग्णालये या चारही ठिकाणी परिभाषा स्वतंत्रपणे वाढली. त्यांच्यात समन्वय साधणारी नित्याची यंत्रणा प्रभावी ठरली नाही. परिणामी एकाच विद्यार्थ्याला दहा वर्षांच्या अवधीत एका अवयवाची तीन नावे शिकावी लागतात, आणि कित्येकदा त्यातील दोन परस्परविरोधी असतात.

एक संज्ञा, दोन अवयव

'श्वासनलिका' या सर्वपरिचित शब्दाचे उदाहरण घेऊ. शालेय पुस्तकात श्वासनलिका म्हणजे घशापासून छातीत उतरणारी मुख्य नळी, इंग्रजी परिभाषेतील ट्रॅकिया. प्रौढ माणसात ती सुमारे १० ते १२ सेंमी. लांब असते आणि तिला १६ ते २० अर्धवर्तुळाकार कूर्चांचा आधार असतो. विश्वकोशाच्या परिभाषेत मात्र या नळीला 'श्वासनाल' म्हटले आहे आणि 'श्वासनलिका' ही संज्ञा तिच्या खालच्या दोन फाट्यांसाठी, म्हणजे ब्राँकाय या अवयवांसाठी योजली आहे. हिंदीत याच फाट्यांना 'श्वसनी' आणि त्यांच्या सूक्ष्म शाखांना 'श्वसनिका' म्हणतात.

कोशकारांच्या योजनेत तर्कसंगती आहे, हे मान्य केले पाहिजे. नाल मोठा, नलिका लहान. 'इका' प्रत्ययाने लघुत्व सूचित होते. परंतु शाळेत रुजलेला अर्थ कोशातील तर्कापुढे माघार घेत नाही. म्हणून 'श्वासनलिकादाह' हा शब्द वाचणारा माणूस मुख्य नळीला सूज आली असे समजतो. लिहिणाऱ्याला मात्र ब्राँकायटिस, म्हणजे फुफ्फुसात शिरणाऱ्या शाखांचा विकार अभिप्रेत असतो.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. उजवी शाखा डावीपेक्षा आखूड, रुंद आणि अधिक सरळ उतरणारी असते. म्हणून लहान मुलाने गिळलेला शेंगदाणा किंवा मणी चुकीच्या मार्गाने गेला तर तो बहुधा उजव्या शाखेत अडकतो. मुख्य नळीत अडकलेली वस्तू तत्काळ जीव घुसमटविते. शाखेत अडकलेली वस्तू सुरुवातीच्या ठसक्यानंतर काही काळ गप्प राहू शकते आणि पुढे खोकला, ताप या रूपाने प्रकट होते. 'श्वासनलिकेत दाणा अडकला आहे' या वाक्यातून पालकाला यांपैकी काय समजावे? जी परिभाषा हा भेद सांगू शकत नाही, ती अपुरी आहे.

यावर उपाय अवघड नाही. मुख्य नळीसाठी शाळेत रुजलेली 'श्वासनलिका' कायम ठेवावी आणि फाट्यांसाठी 'उजवी श्वासशाखा', 'डावी श्वासशाखा' असा पारदर्शक शब्द किंवा हिंदीशी समान असलेली 'श्वसनी' स्वीकारावी. कोणताही पर्याय निवडला तरी तो सर्वत्र एकच असावा, हे महत्त्वाचे.

स्थान आणि कार्य

छाती व पोट यांच्यामधील स्नायूच्या पडद्याला कोशात 'मध्यपटल' तर शालेय पुस्तकांत 'श्वासपटल' असे नाव आहे. पहिले नाव स्थान सांगते, दुसरे कार्य. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही आडपडदा असाच आहे. त्यामुळे 'मध्यपटल' मूळ शब्दाशी अधिक प्रामाणिक ठरते. तरीही 'श्वासपटल' हे नाव अधिक शिकविते. शांतपणे आत घेतलेल्या श्वासाचे बहुतांश काम हाच पडदा करतो. तो आकुंचन पावून खाली सरकतो, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. फुफ्फुस स्वतः हवा ओढत नाही, ही शरीरक्रियेतील मूलभूत गोष्ट आहे. मराठीतील 'छातीचा भाता' ही जुनी कल्पना हेच सुचविते: भात्याचे कातडे स्वतः हलत नाही, त्याला हलविणारा हात वेगळा असतो. 'श्वासपटल' या शब्दाने त्या हाताला नाव दिले. येथे पाठ्यपुस्तकाने कोशावर मात केली आहे, असे म्हणावे लागते.

'वायुकोश' हीदेखील चांगली घडविलेली संज्ञा होय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान पोकळी एवढाच आहे. मराठी शब्दाने त्यात वायूचा स्पष्ट उल्लेख आणला. दोन्ही फुफ्फुसांत मिळून अशा कोशांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात जाते आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग सुमारे ७० चौ. मीटर भरतो. एवढा विस्तार छातीच्या पिंजऱ्यात मावतो तो केवळ कोशांच्या सूक्ष्मतेमुळे. हे विद्यार्थ्याला सांगताना 'वायुकोश' हा शब्द आड येत नाही, उलट मदत करतो.

वर्णसूचक नावांची अडचण

याउलट रक्तवाहिन्यांच्या बाबतीत परिभाषेने स्वतःच गोंधळ ओढवून घेतला आहे. मराठीत हृदयाकडून निघणाऱ्या वाहिनीला 'रोहिणी' आणि हृदयाकडे येणाऱ्या वाहिनीला 'नीला' म्हणण्याचा प्रघात पडला. रोहित म्हणजे तांबडे, नील म्हणजे निळे. दोन्ही नावे रक्ताच्या रंगावरून पडलेली आहेत. सुश्रुतसंहितेतील सिरांच्या वर्णनात या दोन्ही संज्ञा आढळतात. सर्व शरीराचा विचार केल्यास नावे शोभतात. श्वसनाच्या प्रकरणात मात्र ती नेमकी उलटी पडतात. फुफ्फुस-रोहिणी हृदयाकडून काळसर, ऑक्सिजन कमी असलेले रक्त फुफ्फुसाकडे नेते, आणि फुफ्फुस-नीला लालभडक, ऑक्सिजनयुक्त रक्त हृदयाकडे आणते. नाव 'तांबडी' आणि रक्त काळसर, नाव 'निळी' आणि रक्त लाल, अशी ही विसंगती आहे. विद्यार्थी त्याला अपवाद म्हणून पाठ करतो. वस्तुतः हा निसर्गातील अपवाद नसून नामकरणातील दोष आहे. वाहिनीची व्याख्या रक्ताच्या रंगावरून नव्हे, तर प्रवाहाच्या दिशेवरून केली पाहिजे. शिवाय आयुर्वेदात 'रोहिणी' हे कंठरोगाचेही नाव आहे, त्यामुळे आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक पेच उभा राहतो.

'शुद्ध रक्त' आणि 'अशुद्ध रक्त' या जोडीविषयीही हेच म्हणता येईल. ऑक्सिजन कमी असलेले रक्त अशुद्ध नसते. ते शरीराचे काम करून परतलेले रक्त असते. शुद्धाशुद्धतेच्या कल्पना ज्या समाजात केवळ शरीरापुरत्या मर्यादित नाहीत, तेथे हे विशेषण वापरताना अधिक सावध असावयास हवे. 'ऑक्सिजनयुक्त' आणि 'ऑक्सिजनन्यून' हे शब्द किंचित लांब असले तरी निर्दोष आहेत.

याच संदर्भात 'धमनी' या शब्दाचा इतिहास लक्षणीय आहे. धम् या धातूचा अर्थ फुंकणे, भाता चालविणे असा आहे. ग्रीक भाषेतही आर्टेरिया हा शब्द आरंभी श्वासमार्गासाठी वापरला जात असे; ट्रॅकिया हा शब्द मुळात 'खडबडीत आर्टेरिया' या अर्थाच्या शब्दसमूहातील उरलेला अर्धा भाग आहे. मृत शरीरातील रिकाम्या वाहिन्या पाहून त्यांतून वायू वाहत असावा, अशी समजूत ग्रीक वैद्यांत दीर्घकाळ होती. वाहिनी आणि वारा यांची सांगड दोन दूरच्या भाषांत पडलेली दिसते. यावरून एक गोष्ट ध्यानात येते: इंग्रजी संज्ञा नेमक्या असतात त्या त्यांच्या व्युत्पत्तीमुळे नव्हे. त्यांची व्युत्पत्ती कित्येकदा चुकीचीच असते. सर्वांनी एका शब्दाला एकच अर्थ देण्याची शिस्त पाळली, म्हणून त्या नेमक्या झाल्या. मराठी परिभाषेत शब्दांची उणीव नाही; उणीव आहे ती या शिस्तीची.

संस्कृत संज्ञांचे अर्थांतर

संस्कृत शब्द उचलताना त्यांचा मूळ शास्त्रातील अर्थ लक्षात न घेतल्यास काय होते, याची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे देता येतील.

सुश्रुतसंहितेत पेशींची संख्या ५०० आणि स्नायूंची ९०० सांगितली आहे. तेथे पेशी म्हणजे मांसाचा गट आणि स्नायू म्हणजे बंधनकारक तंतू. आधुनिक मराठीत 'स्नायू' हा मांसाच्या गटासाठी आणि 'पेशी' हा सजीवाच्या सूक्ष्मतम घटकासाठी रूढ झाला. हिंदीने मात्र 'पेशी' जुन्या अर्थाने ठेवून सूक्ष्म घटकाला 'कोशिका' म्हटले. त्यामुळे बरगड्यांमधील श्वसनस्नायूंचे वर्णन मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तिन्ही भाषांतून वाचणाऱ्या आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला दर वेळी मनातल्या मनात भाषांतर करावे लागते.

'शोथ' या शब्दाचेही तसेच. आयुर्वेदात शोथ म्हणजे सूज. आधुनिक परिभाषेत तो इन्फ्लमेशनसाठी योजला गेला आणि त्याच अर्थाने 'दाह'ही वापरात राहिला. 'फुफ्फुसशोथ' म्हणजे न्यूमोनिया, हे कोशातून कळते. परंतु फुफ्फुसात द्रव झिरपून येणारी सूज, म्हणजे इडिमा, ही सर्वस्वी वेगळी अवस्था आहे, आणि वाचकाला 'फुफ्फुसशोथ' या शब्दातून तीच आधी सुचते.

'श्वास' हा शब्द तर आयुर्वेदात क्रियेचेही नाव आहे आणि रोगाचेही. महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास, क्षुद्रश्वास असे त्या रोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. पैकी तमकश्वासाचे वर्णन दम्याशी बरेचसे जुळते. हे वर्गीकरण रुग्णाच्या निरीक्षणावर आधारलेले असून अभ्यसनीय आहे. तथापि जुनी संज्ञा नव्या शास्त्रात जशीच्या तशी बसविता येत नाही. सुश्रुताने हृदयाच्या डाव्या बाजूस प्लीहा व फुप्फुस आणि उजव्या बाजूस यकृत व क्लोम सांगितले. या 'क्लोम' शब्दाने नेमका कोणता अवयव समजावा, यावर आधुनिक काळात बराच वाद झाला. कोणी स्वादुपिंड म्हटले, कोणी उजवे फुफ्फुस, कोणी श्वासनलिका, तर कोणी पित्ताशय. प्राचीन शब्द आदरणीय आहे म्हणून तो निःसंदिग्धही असेल असे नाही, एवढे तरी या वादातून ध्यानात यावे.

लोकभाषेतील नेमकेपणा

आता लोकभाषेकडे वळू. येथे अभ्यासकांकडून सर्वाधिक उपेक्षा झाली आहे, आणि तिची किंमतही सर्वाधिक मोजावी लागते.

क्षयरोगाच्या निदानासाठी, विशेषतः दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास, छातीतून खाकरून काढलेला बेडका तपासतात. अनेक फलकांवर आणि सूचनांमध्ये मात्र 'थुंकी तपासणी' असे लिहिलेले असते. थुंकी म्हणजे तोंडातील लाळ, असाच अर्थ सामान्य माणूस घेतो आणि डबीत लाळ देऊन जातो. लाळेच्या नमुन्यात जंतू न सापडण्याचा धोका अधिक. अहवाल निर्दोष आला की रोगी निर्धास्त होतो आणि घरातील इतरांना संसर्ग होत राहतो. 'बेडका' हा शब्द लेखनाला अशिष्ट वाटला म्हणून टाळला गेला असावा. परंतु या ठिकाणी अशिष्ट शब्द शास्त्रीय आहे आणि शिष्ट शब्द अशास्त्रीय आहे.

दुसरे उदाहरण 'फुफ्फुसात पाणी झाले' या वाक्याचे. दवाखान्यांत हे वाक्य दोन भिन्न अवस्थांसाठी उच्चारले जाते. फुफ्फुसाच्या भोवती दुहेरी आवरण असते. त्या दोन पदरांमध्ये द्रव साठला तर तो सुईने काढता येतो. हृदय दुर्बल झाल्यामुळे वायुकोशांत द्रव झिरपला तर मात्र तो सुईने काढता येत नाही. त्यासाठी लघवी वाढविणारी औषधे आणि हृदयाचे उपचार लागतात. शेजारच्या रुग्णाचे पाणी काढले, आमच्या रुग्णाचे का काढीत नाहीत, असा प्रश्न नातेवाइकांना पडणे स्वाभाविक आहे. कोशातील 'परिफुफ्फुस' ही संज्ञा येथे शास्त्रशुद्ध असली तरी बोलण्यात उतरत नाही. 'फुफ्फुसावरण' हा शब्द मात्र 'हृदयावरण' या परिचित शब्दाच्या वळणाचा आहे. 'आवरणात पाणी' आणि 'फुफ्फुसात पाणी' असा भेद डॉक्टरांनी जाणीवपूर्वक केला, तर अर्धा गैरसमज तेथेच मिटेल.

तिसरे उदाहरण बालकांच्या न्यूमोनियाचे. ग्रामीण महाराष्ट्रात या आजाराला 'डबा' असे जुने नाव आहे. आजारी बाळाचा श्वास जलद चालतो, पोट उडते, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. आईचे लक्ष पोटाकडे जाते आणि नाव त्यावरून पडते. 'फुफ्फुसशोथ' हा शब्द त्या आईपर्यंत पोचत नाही, आणि 'डबा' म्हणजे छातीचा आजार, हे तिला कोणी सांगितले नाही तर ती पोटावर उपाय करीत बसते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी केलेले काम या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले की, गावातील आरोग्यसेवक व दाया यांना प्रशिक्षण दिल्यास न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी करता येतात. निदानाची मुख्य खूण होती श्वासांची गती. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. ज्या दायांना एवढे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार करण्यात आले. शास्त्रीय ज्ञान लोकांच्या हाती सोपविताना संज्ञेपेक्षा खूण महत्त्वाची ठरते, हा या प्रयोगाचा परिभाषाशास्त्राला मिळालेला धडा होय.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

वैद्यकाचे शिक्षण इंग्रजीतून होत असताना मराठी परिभाषेचा हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली आणि त्यांत बहुतांश संज्ञा इंग्रजीच, परंतु देवनागरी लिपीत ठेवण्यात आल्या. संज्ञा आंतरराष्ट्रीय आणि वाक्य देशी, हा मार्ग व्यावसायिक शिक्षणापुरता व्यवहार्य आहे. प्रस्तुत लेखकाचाही त्याला विरोध नाही.

परंतु उसना शब्द आपल्याबरोबर ज्ञान घेऊन येतोच असे नाही. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ या वर्षांत, 'एचआरसीटी स्कोअर' हा शब्द घरोघरी पोचला. स्कोअर २५ पैकी असतो, हेही सर्वांना ठाऊक झाले. मात्र उजव्या फुफ्फुसाचे तीन व डाव्याचे दोन असे पाच खंड असतात आणि प्रत्येक खंडाला पाचपैकी गुण देऊन ही बेरीज होते, हे फार थोड्यांना समजले. शब्द आला, शरीररचना आली नाही. त्यामुळे आकडा भीतीचे कारण झाला, आकलनाचे साधन झाला नाही.

शिवाय डॉक्टर इंग्रजीत शिकला तरी रुग्ण मराठीतच सांगतो. 'दम लागतो', 'धाप लागते', 'श्वास कोंडतो', 'जीव घुसमटतो', 'छाती भरली आहे', 'घरघर होते' या प्रत्येक शब्दप्रयोगाची छटा निराळी आहे. 'दम लागतो' म्हणणाऱ्या प्रत्येकाला 'दमा' असल्याचे गृहीत धरले, तर हृदयाचा किंवा पंडुरोगाचा रुग्ण निसटून जाईल. संमतीचा प्रश्नही येथे येतो. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणाच्या २००८ मधील निकालात उपचारापूर्वी रुग्णाला पुरेशी माहिती देण्याचे बंधन स्पष्ट केले. माहिती रुग्णाला समजलीच नाही, तर कागदावरील सही ही संमती ठरू शकत नाही.

निष्कर्ष

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, एका अवयवाला एकच संज्ञा हे तत्त्व पाठ्यपुस्तक, कोश आणि रुग्णालय यांनी एकत्र येऊन पाळले पाहिजे. 'श्वासनलिका' हे त्याचे सर्वांत निकडीचे उदाहरण आहे. दुसरा, 'श्वासपटल', 'वायुकोश' यांसारख्या कार्यबोधक संज्ञांना प्राधान्य द्यावे आणि 'रोहिणी', 'नीला', 'अशुद्ध रक्त' यांसारख्या दिशाभूल करणाऱ्या संज्ञा क्रमाने सोडून द्याव्यात. तिसरा, संस्कृत संज्ञा घेताना तिचा मूळ शास्त्रातील अर्थ आधी तपासावा. चौथा, 'बेडका', 'धाप', 'ठसका', 'डबा' हे लोकशब्द कोशात केवळ बोलीरूप म्हणून नव्हे, तर वैद्यकीय अर्थासह नोंदविले जावेत. पाचवा, नवी संज्ञा मान्य करण्यापूर्वी ती परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि रुग्ण यांच्यापुढे ठेवून तिचा अर्थ काय समजला, हे विचारण्याची पद्धत असावी.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही अभिमानाची बाब आहे. मात्र भाषेची कसोटी जुन्या ग्रंथांइतकीच दवाखान्याच्या दारातही लागते. डबीत लाळ दिलेला रोगी आणि बाळाच्या पोटाकडे पाहणारी आई यांना योग्य शब्द वेळेवर मिळाला की नाही, यावर आपल्या परिभाषेचे यशापयश ठरेल.